वाळू गेली की पाणी गेलं

केनियातल्या माचाकोस, माकुएनी, कितुई या कांबा लोकांच्या भागात ओढे-नद्या वाहतात त्या दोन पावसाळ्यांपुरत्या, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. एरवी नुसती वाळू. बायका त्यात झिरे खोदून पाणी काढतात, आपल्याकडे काढतात तसंच.

याच वाळूची तिथे टाकी करतात. पात्रात आडवी भिंत घालायची आणि पुराची वाळू तिच्यामागे साठू द्यायची. एक ते तीन-चार पावसाळ्यांत बंधारा काठोकाठ भरतो. वाळूने! दहा बादल्या खरखरीत वाळूत अडीच-तीन बादल्या पाणी मावतं आणि दीड-दोन हातांखालच्या पाण्याला ऊन फारसं लागत नाही.

भिंत खडकावरच बसली पाहिजे, नाहीतर पाणी खालून निसटतं. प्रत्येक दगडाला चारी बाजूंनी सिमेंट-वाळूचा माल हवा, दगडाला दगड भिडला की तिथूनच पाझर सुरू होतो. आत गज आणि चक्क काटेरी तार घालतात. सगळ्यात महाग पडते ती टोकांची कंजुषी. भिंत दोन्ही काठांत खोलवर नेली नाही, तर पूर तिला फोडत बसत नाही, वळसा घालून काठच कापतो. मग भिंत पात्राच्या मधोमध एकटीच उभी.

सिमेंट आणि लोखंड बहुधा बाहेरची संस्था देते. दगड, वाळू, पाणी आणि मजुरी गावाची. या सामूहिक कामाला तिथे म्वेथ्या म्हणतात, आपली इर्जिकच म्हणा ना. जोशुआ मुकुस्या यांनी १९७८मध्ये याच भागातल्या उतूनीला बंधारे बांधणारा गावकऱ्यांचा गट उभा केला तो याच बळावर. माझ्या मते सिमेंटची पहिली गोणी उतरण्याआधी वरच्या उतारावर फान्या जूचे बांध झालेच पाहिजेत. फान्या जू म्हणजे समपातळीवर चर खणून माती वरच्या अंगाला टाकायची. ते न करता बंधारा बांधला की वाळूऐवजी गाळ येऊन बसतो, आणि गाळ पाणी धरतो पण सोडत नाही. उद्घाटनाच्या फोटोत मात्र वाळूचा आणि गाळाचा, दोन्ही बंधारे सारखेच दिसतात.

शिवाय वाळूचोरी आहेच. शहरातल्या बांधकामांना वाळू लागते. ट्रकभर वाळू गेली की पाव ट्रक पाण्याची जागा गेली. माकुएनीने २०१५मध्ये वाळूसाठी वेगळा कायदा केला, तरी रात्री पात्रात ट्रक उतरला तर आधी धावतो तो दगड वाहिलेला गटच.