लोकसंख्येचा भस्मासूर आणि माझं पहिलं बक्षीस

आठवीत असताना निबंध स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता ‘लोकसंख्येचा भस्मासूर’. अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे सगळा ठरलेला मसाला त्यात होता. शेवटी मी ‘एक दिवस पृथ्वीवर पाय ठेवायलाही जागा उरणार नाही’ असं ठोकून दिलं होतं आणि बाईंनी त्याखाली लाल शाईने ‘छान!’ लिहिलं होतं. त्या ‘छान’च्या जोरावर पुढची वीसेक वर्षं मी तेच मत बाळगून होते.

परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. हाडांचा सापळा झालेलं एक लहान पोर. कुठल्या देशातलं, कधीचं, काही पत्ता नाही. खाली ओळ : ‘खायला घालता येत नाही तर जन्माला कशाला घालता?’ टाकणारे आमचे एक काका. माणूस वाईट नाही, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. पण खाली धडाधड अंगठे पडले आणि मला माझा निबंध आठवला. उत्तर टाइप करायला घेतलं, ते ग्रुपवर मावेना, म्हणून इथे.

आधी साधा भागाकार. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन धान्य पिकतं. माणसं ८०० कोटींच्या थोडी वर. डोई जवळजवळ साडेतीनशे किलो, म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला रोज किलोभर. त्यात कंदमुळं, भाज्या, दूध, मासे धरलेलेच नाहीत. रोज किलोभर धान्य कोण खातो? त्यातला मोठा वाटा जनावरांच्या खाद्यात जातो, काही गाड्यांच्या इंधनात. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज आहे की २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. आणि २०२४ मध्ये अर्धपोटी राहिलेली माणसं होती सुमारे ६७ कोटी. म्हणजे अन्न नाही असं नाही. ते या माणसांपर्यंत पोचत नाही, किंवा पोचलं तरी घ्यायला यांच्या हातात पैसा नसतो.

माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १७९८ मध्ये भाकीत केलं की अन्नापेक्षा माणसं वेगाने वाढणार. तेव्हा जगात १०० कोटी माणसंही नव्हती. आज आठपटीहून जास्त आहेत आणि डोई अन्न तेव्हापेक्षा जास्त आहे. त्याच्यावर यापेक्षा जास्त शाई घालवत नाही.

मला खरी खिळवून ठेवते ती इथियोपियाची गोष्ट. १९८३ ते ८५ च्या दुष्काळातले फोटो आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेत. कमीत कमी चार लाख माणसं गेली, काही अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. तेव्हा देशाची लोकसंख्या होती चार कोटींच्या आसपास. पाऊस पडला नाही हे खरं. पण उत्तरेकडे यादवी युद्ध चालू होतं, बंडखोरांच्या मुलखात धान्य पोचू नये अशीच सरकारची चाल होती, आणि सप्टेंबर १९८४ मध्ये, माणसं मरत असताना, राजधानीत क्रांतीचा दहावा वर्धापनदिन दणक्यात साजरा झाला. आता २०१५ कडे या. पुन्हा भीषण दुष्काळ, आणि लोकसंख्या दहा कोटींच्या घरात. आपल्या काकांच्या हिशेबाने अडीचपट माणसं मरायला हवी होती. तसं झालं नाही. हाल झाले, गुरं मेली, पण ८४ ची पुनरावृत्ती झाली नाही. कारण २००५ पासून तिथे गरीब कुटुंबांना कामाच्या बदल्यात धान्य किंवा रोख देणारी योजना चालू होती, रस्ते झाले होते, आणि मदत वेळेत मागवली गेली. मग २०२० मध्ये देशाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, रस्ते अडवले गेले, आणि माणसं पुन्हा उपाशी मरायला लागली. माणसं तीच, जमीनही तीच.

बंगालमध्ये १९४३ ला सुमारे तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांनी ती माणसं डोळ्यांनी पाहिली. पुढे त्यांनी आकडे तपासले तर त्या वर्षी उपलब्ध अन्न १९४१ पेक्षा जास्तच निघालं, आणि ४१ साली दुष्काळ नव्हता. तांदळाचा भाव कित्येक पटींनी चढला आणि शेतमजुरांची मजुरी होती तिथेच राहिली. त्यांच्याबरोबर कोळी आणि न्हावीही भरडले गेले. न्हावी का, याचा मी बराच वेळ विचार करत बसले. मग लक्षात आलं, पोटाला चिमटा बसला की माणूस आधी हजामत पुढे ढकलतो. गिऱ्हाईक गेलं, वस्तरा तसाच, आणि तांदूळ मात्र हाताबाहेर.

आता त्या फोटोतल्या पोराकडे येते. कुपोषण मोजायची एक पट्टी असते, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांची. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की लाल, म्हणजे जीव धोक्यात. आकडा वाचून काही जाणवेना, म्हणून मी वर्तमानपत्राची पट्टी कापली, मोजून खूण केली आणि टोकं चिकटवून कडं केलं. माझी तीन बोटं त्यात शिरता शिरेनात. पाच वर्षांच्या मुलाचा दंडसुद्धा यात जाऊ शकतो! अशा मुलांसाठी शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट मिळतं, ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरींचं. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, कोपरा फाडून थेट तोंडात. दुसरा आजार नसेल तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. ते कडं अजून माझ्या टेबलावर पडलंय.

‘पण मग एवढी मुलं का?’ हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. ज्याला पेन्शन नाही, विमा नाही, ज्याच्याकडे पाणी आणायला आणि गुरं राखायला घरचेच हात लागतात, त्याच्यासाठी मूल म्हणजे म्हातारपणाची काठी. त्यातून चारपैकी दोन दगावण्याची भीती असेल तर तो दोनवर थांबेल का? १९९० मध्ये जगात पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटीच्या आसपास मुलं दगावली, २०२२ मध्ये ४९ लाख. याच काळात जन्मदरही घसरला, हा योगायोग नाही.

बांगलादेशात १९७० च्या सुरुवातीला एका बाईला सरासरी जवळजवळ सात मुलं होत. आज दोनच्या आसपास. देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता हे घडलं. गावोगावच्या बायका पिशवीत गर्भनिरोधक गोळ्या घेऊन दारोदार फिरल्या, मुलींना शाळेत टिकवायला विद्यावेतन दिलं गेलं. आणि आपण? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या केल्या, कित्येक धाकदपटशाने. लोक इतके बिथरले की पुढच्या सरकारला ‘कुटुंब नियोजन’ हे नावच बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावं लागलं.

लोकसंख्यावाढीने काहीच बिघडत नाही असं मात्र मी म्हणत नाही. आफ्रिकेतल्या नायजर देशात आजही एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होतात. वीसेक वर्षांत दुप्पट होणाऱ्या देशाने शाळा बांधायच्या किती आणि शिक्षक आणायचे कुठून? बापाचं शेत सहा जणांत वाटलं की एकाचंही पोट भरत नाही. हे ओझं खरं आहे. पण ते उतरतं ते दवाखान्याने आणि मुलीच्या शाळेने. फोटोखाली टोमणे मारून कुणाचं एक मूलही कमी झालेलं नाही.

ग्रुपवर यातलं काहीच टाकलं नाही. काकांना एवढंच विचारलं, ‘तुमच्या आजीला मुलं किती झाली?’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘नऊ. जगली चार.’

त्यानंतर कुणीतरी शुभ रात्रीचं गुलाबाचं फूल टाकलं.