बेताची गरिबी

सरकारी घरकुल हवं असेल तर नुसतं गरीब असून भागत नाही. गरिबी बेताची पाहिजे, कागदावर पाहिजे आणि सर्व्हेवाला येईल त्या दिवशी घरी हजर पाहिजे.

पत्त्यापासून सुरुवात करू. तालुका भामरागड निवडा, जिल्हा गडचिरोली. सपाटीवर प्रधानमंत्री आवास योजनेचे 1 लाख 20 हजार मिळतात, डोंगराळ-दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. दुर्गमपणाचे रोख दहा हजार! पर्लकोटेच्या पुराने आजवर किती पावसाळे तालुक्याचं गाव तोडलं, आणि तुमचा टोला, म्हणजे पाडा, त्याच्याही पलीकडे, दोन नाले ओलांडून, हे सगळं मान्य. सिमेंटचं पोतं ट्रॅक्टरवरून नाल्यावरच्या रपट्यापर्यंत येतं, पुढे डोक्यावरून. पण दहा हजार घेतलेत ना? मग चाला.

आता राहतं घर. भिंती कुडाच्या, वर कवेलू, आणि खोल्या दोनच. लेकाचं लग्न झालं म्हणून मातीचीच का होईना, तिसरी खोली काढलीत की तुम्ही गरिबीतून वर आलात. सुनेला सर्व्हे होईपर्यंत माहेरी ठेवलेलं बरं.

घरातलं सामानही एकदा नजरेखालून घाला. 2016 साली योजना आली तेव्हा बाद करायच्या 13 अटी होत्या. फ्रिज असला की बाद. लँडलाइन फोन असला की बाद. दुचाकी असली तरी बाद, आणि इंजिनावर चालणारी मासेमारीची होडी असली तरीही. वल्ह्याचा डोंगा मात्र चालत होता. घाम गाळून नदी पार करणाऱ्यावर सरकारचा विश्वास असतो. वीज जिथे रात्रभर टिकत नाही तिथे फ्रिज कुणाकडे असणार, असं वाटेल तुम्हाला. माझ्या ओळखीच्या एका घरी होता. जावयाने टाकून दिलेला, बंद. आत धानाचं बियाणं ठेवायचे, कारण उंदीर शिरत नाहीत. सर्व्हेच्या दिवशी त्याच्यावर गोधडी टाकली आणि वर देव मांडले. 2024 मध्ये अटी 10 वर आल्या. फ्रिज, फोन, दुचाकी, होडी सगळं सुटलं. देव अजून फ्रिजवरच आहेत. त्यांना खाली उतरवायची कुणाची हिंमत नाही, पुढचा सर्व्हे कधी आणि कोणत्या अटीने येईल याचा काय नेम?

सर्व्हे आता मोबाईलच्या ॲपवर होतो आणि ते चेहरा बघून माणूस ओळखतं. रेंज टेकाडावर, म्हणून आजीला टेकाडावर न्यायचं. ॲप म्हणतं, डोळे मिचकावा. हे आजीच्या माडिया बोलीत कुणीतरी सांगेपर्यंत वेळ संपते, पुन्हा पहिल्यापासून. एका आजीने डोळे मिटले ते उघडेचनात. तिला वाटलं, सुई टोचणार आहेत.

एवढ्यावर नाव घरकुलाच्या प्रतीक्षायादीत, म्हणजे ‘ड’ यादीत आलं असेल तर अभिनंदन. आता मंजुरीची वाट बघा आणि तोवर हिशेब करून ठेवा. पैसे हप्त्याहप्त्याने येतात, पायाचा फोटो, भिंतीचा फोटो, छताचा फोटो असे. घर किमान 269 चौरस फुटांचं, चुलीची जागा धरून. अनुदानात छतापर्यंत पोचलात तर मिस्त्री देवमाणूस म्हणायचा. कमी पडले तर सरकारने सोय केलेली आहेच: 70 हजारांपर्यंत बँकेचं कर्ज, व्याजात 3 टक्के सवलत.

इथे जरा थांबा, कारण ही जागा मला फार आवडते. ज्या घरात 50 हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड आहे, ते घर या योजनेतून बाद. ही अट 13 मध्येही होती आणि 10 मध्येही आहे. म्हणजे बँक ज्याच्यावर 50 हजारांचा भरवसा ठेवते तो गरीब नव्हे. आणि जो गरीब ठरला, त्याने 70 हजारांसाठी बँकेत जावं.

मी गेलोय, टोल्यावरच्या एका काकांसोबत. काकांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला वनहक्काचा पट्टा काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. 2006 च्या कायद्याने मिळालेला हक्क. वारसाला देता येतो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून कायद्याने घेतलेली ही काळजी. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. “सातबारा नाही का? हा तारण ठेवून मी काय करू?”

काका गप्प. साहेब वाईट माणूस नव्हते. चहा सांगितला, पट्टा पुन्हा वाचला आणि त्यांना एकदम सुचलं. “असं करू या काका. घराचं कर्ज राहू द्या. या पट्ट्यावर पीककर्ज बसतं. किसान क्रेडिट कार्ड काढून देतो, पन्नास हजारांचं.”

मी काकांकडे बघितलं. काकांनी चहाची बशी खाली ठेवली.

“एकोणपन्नासचं करा न जी, साहेब.”