'रोज एक टॅम्पाच्या पाण्यात' : बी-26 मरॉडरवरच्या आरोपांचा हिशोब

दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांवर लिहिणारे बरेच जण एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरवत असतात. त्याचा सारांश असा: 'अमेरिकेचं बी-26 मरॉडर हे बॉम्बर म्हणजे उडती शवपेटी. पंख इतके तोकडे की एक इंजिन बंद पडलं की खेळ खल्लास. फ्लोरिडाच्या मॅकडिल तळावर शिकाऊ वैमानिक रोज एक विमान टॅम्पा बेमध्ये घालत. शेवटी पंख मोठे केले तेव्हा अपघात थांबले. सरकारने सगळं दडपलं, आणि प्रत्यक्ष युद्धात हे विमान बिनकामाचं निघालं.' यातल्या प्रत्येक वाक्याच्या मुळाशी काहीतरी खरं आहे, म्हणूनच ते खोडायला वेळ लागतो.

'रोज एक' इथून सुरुवात करू. टॅम्पा बेच्या पाण्यात पहिलं मरॉडर उतरलं 5 ऑगस्ट 1942 रोजी आणि शेवटचं 8 ऑक्टोबर 1943 रोजी. या 14 महिन्यांत पाण्यात गेलेली विमानं 13. जमिनीवरचे अपघात वेगळे. सगळ्यात वाईट अशा एका 30 दिवसांच्या काळात ते धरून आकडा 15 पर्यंत गेला होता. म्हणजे दोन दिवसांना एक, तेही एकाच महिन्यात. 'वन अ डे इन टॅम्पा बे' ही यमक जुळवलेली ओळ त्या तळावरच्याच लोकांची, भीती हसण्यावारी नेण्यासाठी केलेली. तिला नोंदवही समजून वाचायचं कारण नाही. पाणी तिच्यात आलं ते भूगोलामुळे: मॅकडिल तळ टॅम्पाच्या दक्षिणेच्या भूशिरावर आहे, तीन बाजूंना पाणी. धावपट्टी सोडल्यावर पहिल्या मिनिटात काही बिघडलं तर खाली पाणीच असणार.

तेरा हा आकडा लहान नाही, हेही लगेच सांगायला हवं. एका विमानात दोन वैमानिक, बॉम्बार्डियर, नॅव्हिगेटर किंवा रेडिओवाला आणि गनर मिळून सहा-सात माणसं. त्यात मरॉडरचा पंख धडाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे पाण्यावर आधी पोट आपटतं. आणि त्या पोटातच बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्याची दारं, म्हणजे कच्चा भाग.

आता मुख्य आरोप: एका इंजिनवर हे विमान उडतच नव्हतं. उडत होतं, पण वेग असेल तरच. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन असलेल्या विमानात एक इंजिन गेलं की उरलेलं इंजिन नाक बंद बाजूकडे ढकलतं आणि ते रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने, आवरावं लागतं. रडरवरून पुरेशी हवा वाहत नसेल तर कितीही पेडल दाबा, विमान बंद इंजिनाच्या बाजूला कलंडतं आणि पाठीवर पडतं. मरॉडरमध्ये ही मर्यादा ताशी साधारण 140 ते 150 मैलांच्या घरात होती, आणि जमीन सुटायची त्याच्या आधीच. मधले काही सेकंद धोक्याचे. त्या वेळी करायचं ते ठरलेलं होतं: नाक खाली ठेवायचं, चाकं आत घ्यायची, बंद इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढायचा, त्याचा पंखा (प्रोपेलर) फेदर करायचा म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत आणायची, आणि वेग आल्याशिवाय उंचीचा हव्यास धरायचा नाही. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, नाक वर ओढतो.

पण फेदर करायचं म्हटलं तर वीज लागते, आणि खरी गोम इथे आहे. मरॉडरच्या पंख्याला कर्टिस कंपनीची विजेवर चालणारी यंत्रणा होती. पात्यांचा कोन पंख्याच्या मध्यावरची मोटार बदलायची. जमिनीवर तपासणी करताना बाहेरचा वीजपुरवठा जोडायचा असतो. नवखे मेकॅनिक विमानाच्याच बॅटरीवर सगळ्या तपासण्या उरकत, आणि उड्डाणाच्या वेळेपर्यंत बॅटरी उतरलेली असे. उड्डाणासाठी पाती बारीक कोनात असतात. वेग वाढेल तसा कोन वाढायला हवा, पण मोटारीत जोर नाही. मग पाती तिथेच अडकतात आणि इंजिनाचे फेरे हाताबाहेर जातात. त्याच बॅटरीमुळे पंखा फेदरही होत नाही. म्हणजे इंजिन गेल्याचा तोटा आहेच, वर साडेतेरा फूट व्यासाचा पंखा ब्रेकसारखा वाऱ्यात आडवा. वैमानिकाने सगळं बरोबर केलं तरी हे विमान वाचवणं फार कठीण. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं एवढंच की 'एक इंजिन गेलं आणि पडलं'.

याच काळात नव्या प्रकारच्या इंधनातल्या अॅरोमॅटिक घटकांनी कार्बुरेटरचे (इंधन-हवा मिसळणाऱ्या भागाचे) डायफ्रॅम, म्हणजे आतले लवचीक पडदे, खराब होत होते, त्यामुळे ऐन उड्डाणात इंजिन बंद पडण्याचे प्रसंग वाढले. सुरुवातीची काही विमानं तर तोफा न बसवताच सुपूर्द झाली. मागचं ते वजन नसल्याने तोल पुढे सरकला आणि नाकाखालच्या चाकाचा दांडा उतरताना मोडू लागला. याही अपघातांचं खापर तोकड्या पंखांवरच फुटलं.

पंखांचा हिशोब तर गणितानेच सुटतो. मूळ पंख 602 चौरस फूट, वजन सुमारे 32,000 पौंड. दर चौरस फुटावर भार 53 पौंड; हा भार जितका जास्त, तितका उडायला वेग जास्त लागतो. बी-26बी या पुढच्या मालिकेत मधूनच पंखांची लांबी 65 वरून 71 फूट आणि क्षेत्रफळ 658 चौरस फूट झालं. पण विमानात बंदुका, चिलखत, उपकरणं भरत गेली आणि पूर्ण भाराचं वजन 37,000 पौंडांपर्यंत पोचलं. भागाकार करून पाहा: 56. मोठ्या पंखाच्या विमानावर भार उलट जास्तच होता, आणि अपघात तर कमी झाले! शेपटीचा उभा पंख उंच केला त्याचा उपयोग झाला असणार, पण मोठं श्रेय देखभालीला आणि शिक्षणाला द्यावं लागेल.

शिक्षण म्हणजे काय, तर आधी भीती घालवणं. टोकियोवरच्या छाप्यामुळे नाव झालेले जिमी डूलिटल यांनी धावपट्टीवर धावतानाच डावं इंजिन फेदर केलं, उड्डाण केलं, आणि 'मेलेल्या इंजिनाकडे कधी वळू नये' असं म्हणतात त्याच बाजूला वळून परत उतरून दाखवलं. पुढे कॅप्टन व्हिन्सेंट बर्नेट तळातळावर जाऊन अशी प्रात्यक्षिकं करत. शिकाऊ मुलं कच्ची होती हे खरं, पण त्यांना ज्या विमानांवरून इथे आणलं ती कितीतरी हळू उतरत. मरॉडरला धावपट्टीकडे येताना ताशी 150 मैल वेग राखावा लागे. तो जास्त वाटून मुलं सवयीने कमी करत, आणि तिथेच विमान हातातून सुटे. कान्ससमधल्या डॉज सिटीला महिला वैमानिकांनीही याच विमानाचं शिक्षण पूर्ण केलं.

दडपल्याचा आरोप फार टिकत नाही. युद्धाची कंत्राटं तपासणाऱ्या सेनेटर हॅरी ट्रूमन यांच्या समितीने याच विमानावरून ते बनवणाऱ्या कंपनीचे मालक ग्लेन मार्टिन यांना समोर बसवून झापलं होतं. पंख का वाढवत नाही यावर 'आराखडा पुढे गेलाय, शिवाय कंत्राट मिळालेलंच आहे' अशा अर्थाचं उत्तर आलं, तेव्हा कंत्राट रद्दही होऊ शकतं असं समितीने सुनावलं. दडपायचं असतं तर हे जगासमोर आलं नसतं. सैन्याचा दोष वेगळा होता: प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याचं पहिलं विमान, न उडवता थेट कागदावरून 201 विमानांची ऑर्डर दिली, आणि पहिलं विमान 25 नोव्हेंबर 1940 रोजी उडालं तेव्हा उत्पादनाची गाडी सुटलेली होती.

राहिलं युद्ध. 17 मे 1943 रोजी हॉलंडच्या आयमाउडनवर जमिनीलगत गेलेल्या 11 मरॉडरपैकी एक वाटेतून परतलं. उरलेल्या दहांपैकी एकही परत आलं नाही. ही चूक डावपेचाची होती. त्यानंतर हल्ले 10,000 ते 15,000 फुटांवरून होऊ लागले आणि युरोपात अमेरिकेच्या नवव्या हवाई दलाच्या मरॉडरच्या नुकसानीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आलं. 'फ्लॅक बेट' नावाच्या मरॉडरने 200 हून अधिक मोहिमा केल्या. त्याच्या अंगावर हजाराहून जास्त भोकं बुजवलेली आहेत, आणि दोनदा ते एका इंजिनवर परत आलं होतं.