दहा सेकंद आधी

यंदाच्या 17 सप्टेंबरला घरच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे झेंडावंदनाचे फोटो आले. आमचा आजा 1948 साली सोलापूरच्या हद्दीतल्या कॅम्पात होता. निजामाचं राज्य गेलं तेव्हाच तो घरी परतला, म्हणून मुक्तिदिन हा आमच्या औसा तालुक्यातल्या घरात सणच असतो. त्या फोटोंखाली पुतण्याने लिहिलं, "कसली मुक्ती? माणूस काहीच ठरवत नाही. आपण ठरवायच्या दहा सेकंद आधी मेंदूने ठरवलेलं असतं. लाइपझिगमध्येच सिद्ध झालंय, काकांना विचारा." पोरगा लातूरला नीटची तयारी करतोय. त्यावर तात्यांनी लगेच लिहिलं, "आम्ही दुसरं काय म्हणतो लेकरा? कपाळावरचं लिहिलेलं चुकत नसतंय."

या दोघांचं आजवर कशावर पटलेलं मी पाहिलं नाही. गणपतीतल्या डॉल्बीवर नाही, सोयाबीन कधी विकायचं यावर नाही. पटलं ते नेमकं यावर. महिना झाला, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्या प्रयोगाबद्दल पुतण्या बोलतो तो इथे जर्मनीत, लाइपझिगला, माझ्या रोजच्या रस्त्यावर झाला. सकाळी मुलीला किटाला, म्हणजे पाळणाघरात, सोडून मी श्टेफानश्ट्रासेने सायकलवर जातो, तिथे माक्स प्लांक या संशोधन संस्थेची ती इमारत आहे. 2008 साली तिथल्या संशोधकांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवलं, दोन्ही हातांत एकेक बटण दिलं आणि सांगितलं, वाटेल तेव्हा वाटेल ते दाबा. मेंदूतल्या हालचालीवरून डावं की उजवं याचा अंदाज सात सेकंद आधी करता आला. स्कॅनरला रक्तप्रवाहातला बदल उशिरा दिसतो, तो उशीर धरला तर दहा. इथवर पुतण्या बरोबर आहे. पण तो अंदाज बरोबर यायचा शंभरात साठेक वेळा. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतो. उरलेल्या दहाच्या जोरावर हा पोरगा आज्याचा झेंडा खाली उतरवायला निघाला.

याच्या आधी, 1983 साली, अमेरिकेत बेंजामिन लिबेट या मेंदू-संशोधकाने लोकांना मनगट हलवायला सांगितलं होतं. हालचालीच्या अर्धा सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसे आणि "मला हलवायचंय" ही जाणीव त्याहून उशिरा, पाव सेकंदाहून कमी वेळ उरला असताना येई. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. लिबेट स्वतः थांबला नव्हता. जाणीव झाल्यावरही हात आवरायला वेळ उरतो आणि स्वातंत्र्याची जागा तिथे आहे, असं तो म्हणत असे. पुढे 2012 साली काही संशोधकांनी दाखवलं की ती आधीची तयारी म्हणजे मेंदूतल्या सततच्या चढउतारांची साचत गेलेली लाटही असू शकते. तिला निर्णय म्हणायलाच हवं असं नाही.

आणि डावं बटण की उजवं, यात माणसाचं काय पणाला लागलेलं असतं? काहीच नाही. म्हणून तर ते मेंदूवर सोडता येतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, सगळं गाव दमून झोपलेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मी नऊ वर्षांचा होतो. मायने मला दंडाला धरून अंगणात फेकलं. ती अजून सांगते, "आधी हात गेला, मग जाग आली." माळवदाचा कोपरा माझ्या वाकळेवर पडलेला मी उजाडल्यावर पाहिला. मायचा तो हात लिबेटच्या हिशेबात खुशाल धरा, माझी हरकत नाही.

पण त्याच दिवशी दुपारी दादा, माझे वडील, किल्लारीकडे गेले. आमचं घर अर्धं पडलेलं, माय नको नको म्हणत होती, जमीन अजून थरथरत होती. ते अंगणात बराच वेळ बसून राहिले. उठले, परत बसले. मग टिकाव घेऊन निघाले. नऊ दिवस रोज गेले, दगडमातीखालून माणसं काढत राहिले, बहुतेक मेलेली. रात्री परत आले की जेवत नसत आणि सकाळी पुन्हा उंबऱ्यात थांबत. तो थांबलेला माणूस मी रोज पाहिला. त्याच्या मेंदूत तेव्हा काय चाललं होतं हे कुठल्या यंत्राने टिपलं असतं, तर टिपू दे. थांबणं आणि निघणं यांच्यामध्ये जे होतं, त्यालाच मी जाणीव म्हणतो. दुसरी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

तात्यांचं उत्तर मला ठाऊक आहे. ते आंबाजोगाईच्या मुकुंदराजांपर्यंत जातील, 1188 सालच्या विवेकसिंधूपर्यंत, म्हणतील की आत्मा फक्त साक्षी, कर्ता कुणी नाहीच. पण गंगाखेडच्या जनाबाईला कुणी विचारलं का? दासीपण तिने निवडलं नव्हतं, जातं तिने निवडलं नव्हतं. दळताना तोंडून काय निघायचं ते मात्र तिचं होतं. बेड्या असतातच. बेड्या आहेत म्हणून आत कुणी नाही असं कसं म्हणायचं?

आणि नशिबाचं बोलणं आपल्याकडे कुणाच्या सोयीचं असतं तेही पाहावं. विम्याचे पैसे आले नाहीत, नशीब. विहिरीला पाणी लागलं नाही, नशीब. मग 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं तेव्हा मांजरेच्या खोऱ्यात इतका ऊस कुणी लावला, कारखान्यांना परवाने कुणी दिले, हे विचारायची गरजच उरत नाही. आता नशिबाच्या जोडीला मेंदू आला. उद्या एखादा सावकारही म्हणेल, माझ्या न्यूरॉन्सनी केलं.

इथे असं बोललेलं मी फारसं ऐकत नाही. माझ्या खालच्या मजल्यावरची शेजारीण ऐंशीच्या पुढची आहे. तिची पेशंटेनफरफ्यूगुंग, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार करावेत याचं आधीच लिहून ठेवलेलं पत्र, भरून कपाटात तयार आहे, कुठली नळी घालायची आणि कुठली नाही इथपर्यंत. 9 ऑक्टोबर 1989 च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्धच्या मोर्चात ती रिंगवरून, शहराभोवतीच्या रस्त्यावरून, चालली होती, सत्तरेक हजार माणसांतली एक. गोळीबार होणार अशी शहरभर बोलवा होती. मुलाला बहिणीकडे ठेवून ती गेली. मी तिला विचारलं होतं, भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली, म्हणून तर दारात इतका वेळ उभी राहिले. ते ऐकताना मला दादांचा उंबरा दिसला. आपल्या लोकांनी हिच्याकडून शिकावं असं माझ्या मनात आलं आणि पुढच्याच क्षणी आठवलं की मी ते आधी माझ्याच अंगणात पाहिलं होतं.

"तिथं बसून बोलायला तुझं काय जातंय?" असं तात्या म्हणतील. माझं जातं, ते सांगतो.

2018 च्या जानेवारीत दादा लातूरला दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, आता देवाच्या हातात. माझं तिकीट पडद्यावर निवडून ठेवलेलं होतं. दोन रात्री मी त्या बटणापुढे बसलो. कामाची मुदत महिनाअखेरची होती, नवी जबाबदारी मिळायची होती. दोन आठवड्यांनी जाऊ, तोवर सुधारतील, असं ठरवलं. ठरवलं, हाच शब्द बरोबर. दादा पाचव्या दिवशी गेले. तात्यांनी दिवसांना आलेल्या सगळ्यांना सांगितलं, पोराला सुट्टीच मिळाली नाही, नशीब त्याचं. मी ते खोडलं नाही. माझी अकरा दिवसांची सुट्टी शिल्लक होती.

सात वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला बसलोय. पुतण्याचं म्हणणं खरं निघालं असतं तर मला झोप लागली असती. म्हणून त्याचा राग आला, हे लिहिता लिहिता कळतंय.

दादांना अग्नी धाकट्या भावाने दिला, पुतण्याच्या बापाने. बाप गावात अडकला, त्याच्या हातात काही नव्हतं, असं त्या पोराला वाटतं. मीही तसंच धरून चाललो होतो, कारण ते मला बरं पडत होतं. खरं असं आहे की 2009 साली पुण्याच्या एका कंपनीचं नेमणुकीचं पत्र त्याला आलं होतं. मायचा गुडघा, दादांचं वय, सात एकर रान. चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मला बोरीखाली गाठून म्हणाला, "दादा, तू जा बाहेर. मी हाय इथं." त्याच्या बदल्यात मी काय दिलं याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. महिन्याला पैसे पाठवतो, त्याला हिशेब म्हणत नाहीत.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. पुतण्याला वेगळा फोन लावला, तर त्याचा क्लास चालू होता. म्हणून त्याला निरोप टाकला: माजघरातली पत्र्याची पेटी उघड. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली तुझ्या बापाचं पत्र असेल. वाच आणि मग त्याला विचार, ते चार दिवस तो काय करत होता.