‘एकाच इंजिनाला दोन टर्बो असतात का?’ तुमच्या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की फियाट पुंटोसाठी आमच्याकडून नेलेला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा भाग) बसला नाही, गाडी चार दिवस मेकॅनिककडे अडकून पडली, आणि तुम्ही परत आलात तेव्हा आम्ही इंजिन नंबर द्या, जुन्या टर्बोच्या प्लेटचा फोटो दाखवा असं सुरू केलं. शेवटी विचारलंय, ‘१.३ डिझेल म्हणजे १.३ डिझेल. एकाच इंजिनाला दोन टर्बो असतात का? की महागातला गळ्यात मारायचा होता?’

आधी आमच्या चुकीबद्दल. ते चार दिवस आमच्यामुळे गेले. फोनवर तुम्ही गाडीचं नाव, साल आणि ‘१.३ डिझेल’ एवढं सांगितलंत. पुढचा प्रश्न विचारणं हे आमचं काम होतं आणि तो न विचारताच काऊंटरवरून माल दिला गेला. जो नंबर तुमच्याकडे नंतर मागितला, तो पहिल्याच फोनवर मागायला हवा होता. मनापासून माफी मागतो.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे, आणि ते नीट सांगावंसं वाटतं. तुमच्यासारखी गाडी असलेले बरेच जण याच ठिकाणी अडतात.

फियाटचं हे १.३ मल्टिजेट २००३ साली आलं. सुझुकीच्या गाड्यांत त्याचं नाव डीडीआयएस, ओपेलमध्ये सीडीटीआय, टाटांकडे क्वाड्राजेट. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १२४८ सीसी. हे आकडे सगळीकडे तेच. त्यामुळे तुमचे मेकॅनिक ‘इंजिन एकच आहे’ म्हणाले त्यात त्यांचं चुकलं नाही. ब्लॉकपुरतं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडापुरतं, ते बरोबर आहे. ब्लॉकला बाहेरून जे जोडलेलं असतं, त्याला मात्र ते लागू पडत नाही.

पुंटोत हे इंजिन ७५ पीएस (अश्वशक्तीचं माप) आणि ९० पीएस अशा दोन ताकदींत मिळायचं, तेही एकाच काळात. म्हणून नुसतं मॉडेल आणि साल सांगून निकाल लागत नाही. ७५ ला साधा टर्बो असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याच दाबाने ॲक्च्युएटरचा रॉड ढकलला जातो, वेस्टगेट (बायपासची झडप) उघडतं आणि जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. ९० ला व्हीजीटी, म्हणजे धुराची वाट कमी-जास्त करणारा टर्बो, असतो. त्यात टर्बाइनच्या भोवती हलणाऱ्या पट्ट्या असतात. इंजिन सावकाश फिरत असताना त्या मिटतात, वाट अरुंद होते आणि थोडा धूरसुद्धा जोरात आदळतो. वेग वाढला की त्या उघडतात. त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो. तुमची गाडी ९० ची, आणि आम्ही दिला तो ७५ चा.

तो कसाबसा बसवला असता तरी भागलं नसतं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) व्हॅक्यूम देऊन पट्ट्या हलवायला बघतो, पट्ट्या तर नाहीतच, मग मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट जुळत नाही आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून जेमतेम चालते. तुमच्या मेकॅनिकनी ओढूनताणून न बसवता काम थांबवलं, हे फार चांगलं केलं. त्यांना माझा निरोप द्या.

महागातला गळ्यात मारण्याबद्दल. व्हीजीटीत हलणारे भाग जास्त, म्हणून तो महाग. पण तो आम्ही निवडला नाही. तुमच्या गाडीला कारखान्यातूनच तो लावलेला होता. चुकीचा टर्बो आम्ही काहीही न कापता परत घेतला, हे तुम्ही स्वतः लिहिलंत त्याबद्दल आभार.

नंबर का मागतो, तेही सांगतो. ओपेलच्या कोर्सा डी मध्ये हेच इंजिन ७५ पीएसला ‘झेड१३डीटीजे’ आणि ९० पीएसला ‘झेड१३डीटीएच’ आहे. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, आणि त्या एका अक्षरावर अख्खा टर्बो बदलतो. हा कोड गाडीच्या मागच्या बिल्ल्यावर नसतो. इंजिन कोड, चासी नंबर आणि जुन्या भागावरचा पार्ट नंबर, हे तिन्ही जुळले की मी निर्धास्त माल देतो.

टर्बोचंच असं आहे असंही नाही. ऑइल चेंबर, इंजिन माउंटिंग, अल्टरनेटरचा ब्रॅकेट हे गाडीप्रमाणे बदलतात, कारण तेच इंजिन वेगळ्या बॉनेटखाली बसवायचं असतं. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसं काही आवृत्त्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आला, आणि डीपीएफवाल्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. हेड गॅस्केटचं (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचं) तर बऱ्याच डिझेल इंजिनांत असं असतं की कोड तंतोतंत जुळूनही जाडी वेगळी निघते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजायचं आणि गॅस्केटच्या कडेची भोकं किंवा खाचा पाहून जाडी निवडायची. इतक्या बारकाईने बनवलेल्या वस्तूला ‘चालतंय, बसवून टाका’ म्हणणं मला पटत नाही, आणि तुमच्या बाबतीत आमच्याकडूनच ते झालं याचं वाईट वाटतं.

आता टर्बो, इंजेक्टर किंवा टायमिंग चेनचा सेट कोड पाहिल्याशिवाय काऊंटरवरून द्यायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, फोनवरच्या ऑर्डरलासुद्धा.

तुम्ही इंजेक्टरचीही चौकशी केली होती. काढण्याआधी प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेल्या कोडचा फोटो घ्या आणि तो कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. नवीन बसवल्यावर त्याचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, नाहीतर डिझेलचं माप चुकतं आणि आयडलिंगला इंजिन थरथरतं. फोटो मला पाठवा, पार्ट नंबर मी स्वतः जुळवून देईन.