कॅमेरा लावलाय ना, मग झालं!

सीसीटीव्ही कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो मेगापिक्सेलचा. अगदी रास्त आहे. कॅमेरा कुठे बसणार, तिथून नेमकं काय दिसायला हवं, अंधार पडल्यावर काय, रेकॉर्डिंग किती दिवस टिकणार, असले प्रश्न विचारणारी माणसं खुसपटं काढणारी असतात आणि त्यांची कामं कधी वेळेत होत नाहीत. तुम्ही मेगापिक्सेल विचारा, आकडा ऐकून मान डोलवा आणि शिडी आणायला सांगा.

शिडी मोठी आणायला सांगा. कॅमेरा जितका उंच तितका बरा. उंचावर चोराचा हात पोचत नाही आणि चोराचा चेहरा कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे दोन्ही पक्ष निर्धास्त. टोप्या, टकलं आणि छत्र्यांचा मात्र असा संग्रह जमतो की विचारू नका. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका नर्सबाईंनी १९६६ साली घरच्या पहाऱ्यासाठी कॅमेऱ्याच्या पेटंटचा अर्ज केला होता. त्यांनी दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं ठेवली होती आणि कॅमेरा त्यांच्यामागे वरखाली सरकायचा. येणारा उंच असो नाहीतर पोरगेलासा, चेहरा समोर यायला हवा, एवढीच त्यामागची कल्पना. १९६९ मध्ये पेटंट मिळालंही. आपण त्यानंतर इतकी प्रगती केली आहे की चेहऱ्याची गरजच उरलेली नाही.

लेन्स चांगली रुंद बघणारी घ्या, २.८ मिलिमीटरची. एकाच कॅमेऱ्यात फाटक, अंगण, गाडी, रस्ता, समोरचं झाड आणि झाडावरचा कावळा, सगळं मावतं. पाहुण्यांना दाखवायला फार छान. कुणी हिशेब करायला बसलं तर त्याला तिथेच थांबवा. कारण अशा कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत लिहिलंय की अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत. तुमचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल तर भागिले २५०, म्हणजे साडेसात मीटरच्या जरा वर. साधारण १०० अंशांत बघणाऱ्या लेन्ससमोर एवढी रुंदी सव्वातीन मीटरवरच भरून जाते. त्यापुढे गेलेला माणूस हळूहळू 'ओळखीचा वाटतोय' असा होतो, आणि २५ पिक्सेलपर्यंत उतरलात की 'कुणीतरी आहे खरं' एवढंच उरतं. कुणीतरी आहे, हे तर सायकल जागेवर नाही म्हटल्यावर आपल्यालाही कळतंच.

थोडक्यात, रुंद लेन्स आणि उंच भिंत असा योग जुळवलात की ओळख पटण्यासाठी चोराला जवळजवळ कॅमेऱ्याच्या खाली येऊन मान वर करावी लागते. तेवढं सहकार्य मिळावं म्हणून एक पाटी लावून ठेवा: 'कृपया वर बघा.'

आत लावायचा कॅमेरा दाराकडे तोंड करून लावा, म्हणजे भर दुपारी आत येणारा प्रत्येक माणूस काळ्या कागदातून कातरल्यासारखा दिसतो. मेनूत डब्ल्यूडीआर नावाचं एक बटण असतं, ते अशा उजेडासाठीच असतं म्हणे. बंद अवस्थेत येतं, तसंच राहू द्या. लेन्सवरची पारदर्शक फिल्मही राहू द्या. नवेपणा टिकतो.

आता केबल. या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण याचं शिक्षण मी रोख पैसे मोजून घेतलं आहे.

आमच्या मागच्या बाजूचा कॅमेरा दिवसा झकास चालायचा. तिन्हीसांजेला मोबाइलवर बघावं तर पडदा काळा. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला, मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. "चालतोय की साहेब!" खरंच चालत होता. पेरूच्या झाडाचं पान न् पान दिसत होतं. रात्री पुन्हा काळा. पुन्हा फोन, पुन्हा सकाळचे अकरा, पुन्हा "चालतोय की." तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्याच डोळ्यांची शंका यायला लागली. जाता जाता त्याने कॅमेरा बदलून दिला, उदार मनाने. नवा कॅमेराही दिवसा उत्तम चालला.

मग एका रात्री मी स्वतःच खुर्ची टाकून खाली बसलो. अंधार दाटला तसा वरून आवाज आला, टक्. कॅमेऱ्याच्या आत एक बारीकशी काच असते, रात्र झाली की ती बाजूला सरकते, तिचा तो आवाज. पाठोपाठ इन्फ्रारेड दिव्यांचे लाल ठिपके उमटले, क्षणभर राहिले आणि सगळं विझलं. मिनिटभर काही नाही. पुन्हा टक्. पुन्हा लाल ठिपके. पुन्हा विझले. अर्धा तास मी ते बघत बसलो होतो. कॅमेरा बिचारा उठत होता, अंधार बघून दिवे लावत होता, आणि दिव्यांच्या ओझ्यानेच बेशुद्ध पडत होता.

कारण साधं होतं. अ‍ॅडाप्टर खाली घरात, तिथे १२ व्होल्ट. कॅमेरा तीस मीटर लांब, मध्ये केसासारखी बारीक तार. २४ गेजची चांगली तांब्याची तार असली तरी तीस मीटर जायचे आणि तीस यायचे मिळून पाच ओहमचा रोध होतो. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर खातो, म्हणजे वाटेत एक व्होल्ट सांडतो, चालून जातं. रात्री दिवे लागले की तोच अर्धा अँपिअर मागतो, म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच गेले आणि कॅमेऱ्याच्या तोंडी पडले साडेनऊ. आणि आमची तार तांब्याची नव्हतीच. वरून तांब्याचा मुलामा, आतून ॲल्युमिनियम, म्हणजे रोध आणखी जास्त. चाकूने खरवडल्यावर आतून पांढरं निघालं.

तेव्हा माझा सल्ला ऐका: तार बारीक घ्या, मुलाम्याची घ्या, अ‍ॅडाप्टर शक्य तितका लांब ठेवा. मल्टिमीटर लावायचाच झाला तर अ‍ॅडाप्टरपाशी लावा, तिथे नेहमी १२ भरतात. कॅमेऱ्याच्या टोकाला, आणि तेही रात्री, चुकूनही मोजू नका. सगळं उघडं पडतं.

एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणाऱ्या पीओईवाल्यांनी हसायची गरज नाही. त्यांच्या स्विचवर आठ भोकं असतात आणि आठांना मिळून एकूण वॅट ठरलेले असतात. दिवसा आठ जणांची पंगत पोटभर जेवते, रात्री दिवे लागले की शेवटच्या पानावर वाढायला काही उरत नाही. नेटवर्क केबलची हद्द १०० मीटर आहे, हेही विसरून जा. १४० मीटरवरही कधीकधी चित्र येतं. जेव्हा येतं तेव्हा फोटो काढून ठेवा.

पावसाबद्दल फार बोलत नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ-पाणी आत शिरणार नाही, पण ते कॅमेऱ्यासाठी असतं. त्याच्या मागून लोंबणारी शेपटी आणि तिचा जोड यांना ते वाचता येत नाही. जोड झाकायला खोक्यात रबराचे दोन-तीन तुकडे आणि एक फिरकीचं झाकण दिलेलं असतं. ते काय आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे खोक्याबरोबर माळ्यावर जातं. जोडाला काळी टेप गुंडाळा आणि तार वरून सरळ आत घ्या. आत घेण्याआधी ती थोडी खाली झुकवून वळवली तर पाणी त्या झोळावरून खाली ठिबकून जातं, पण मग तार ओघळल्यासारखी दिसते. दिसण्याला महत्त्व आहे.

बिघाड शोधायची तर एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे: सगळं एकदम बदला. केबल, अ‍ॅडाप्टर, पासवर्ड, राउटरची जागा, सगळं एकाच दुपारी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा, किंवा संशयित कॅमेरा खाली उतरवून हातभर केबलने टेबलावर लावून बघायचा, ही कंटाळवाण्या माणसांची रीत. त्यात कारण सापडण्याचा धोका असतो. दोन कॅमेरे आळीपाळीने दिसत असतील, एक आला की दुसरा गायब, तर घराला बाधा आहे असं समजा. कारखान्यातून निघताना पुष्कळ कॅमेऱ्यांना नेटवर्कवरचा एकच पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, दिलेला असतो आणि तो एकेकाचा वेगळा करावा लागतो, हे स्पष्टीकरण फारच रुक्ष आहे.

रात्री पडद्यावर पांढरा दोरखंड हलताना दिसला तर घाबरू नका. तो कोळ्याचा एक तंतू आहे. लेन्सच्या अगदी पुढ्यात असल्यामुळे इन्फ्रारेड उजेडात तो दोरखंडाएवढा दिसतो. त्याच्या प्रत्येक झोक्याला मोबाइल वाजतो: 'हालचाल आढळली.' वाऱ्याची रात्र असेल तर दोनशे वेळा आढळते. झाडूने जाळं काढायला शिडी लागते, म्हणून लोक नोटिफिकेशन बंद करतात. हाच मार्ग मीही पत्करला.

पासवर्ड आला तोच ठेवा. युजर अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. विसरायची भीती नाही. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरचा पोर्टही सताड उघडा ठेवा. कॅमेऱ्याने जग बघावं तसं जगानेही कॅमेरा बघावा. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रामने साठेक ठरावीक युजर-पासवर्डच्या जोड्या घेऊन इंटरनेटवरच्या कॅमेऱ्यांची आणि त्यांच्या रेकॉर्डरची, म्हणजे डीव्हीआरची, दारं ठोठावली, आणि लाखो दारं उघडली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांची फौज संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर सोडण्यात आली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी संकेतस्थळं कित्येकांना काही तास उघडेनात. विचार करा, कुणाच्या तरी कोंबड्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा एवढ्या मोठ्या कामी आला. आपल्या कॅमेऱ्यालाही अशी संधी मिळायला हवी. घरचं काम तसंही तो करत नाहीच.

हार्ड डिस्कचा आकार विचारू नका. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाचे ४३ गिगाबाइट होतात. चार कॅमेरे म्हणजे १७३. एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून चोरी झाल्याचं पाच दिवसांच्या आत लक्षात आणून घ्यायची सवय लावा. रेकॉर्डर टीव्हीशेजारीच ठेवा, म्हणजे चोराला दोन फेऱ्या माराव्या लागत नाहीत. आणि त्याला बॅटरीचा आधार देऊ नका. वीज गेल्यावर चोरी करणं कोणत्याही नियमात बसत नाही.

हो, आणखी एक राहिलं. रेकॉर्डर कधीकधी बीप-बीप करायला लागतो. अकारण. आमचा तर पहिल्याच संध्याकाळपासून लागला होता. मेनूत जाऊन बजर बंद करायची सोय असते. कशासाठी वाजतोय हे त्याच पानावर लिहिलेलं असतं, पण ते वाचत बसायचं कारण नाही. मी दोन मिनिटांत बंद केला, घरच्यांनी कौतुक केलं.

मग जवळजवळ वर्ष सुखात गेलं. मोबाइलवर चार चौकोन दिसायचे, चारही हलते. आल्यागेल्याला दाखवायचो. जुनं रेकॉर्डिंग उघडून बघावं असं मनात यायचं काही कारण नव्हतं. घरात देव आहे की नाही हे कुणी रोज उठून तपासत नाही.

सायकल गेली तेव्हा मी पहिल्यांदा 'प्लेबॅक' दाबलं. महिन्याचा तक्ता उघडतो त्यात, आणि ज्या तारखेचं रेकॉर्डिंग आहे तिला खूण असते. या महिन्यात खूण नाही. मागच्या महिन्यात नाही. मी मागे मागे जात राहिलो, वर्ष ओलांडलं, काही नाही. शेवटी कॅमेरेवाल्याला बोलावलं, तो आला अकरालाच. त्याने झाकण उघडलं. डिस्कची केबल सुटून शेजारीच पडली होती, झाकण बसवताना निसटलेली, बसवल्या दिवसापासून. "बीप यायला पाहिजे होता साहेब," तो म्हणाला. मी विषय बदलला.

केबल जोडल्यावर डिस्क जागी झाली आणि एक खूण सापडली. १ जानेवारी २०००. घड्याळ लावायच्या आधी झालेलं रेकॉर्डिंग, साडेचार मिनिटांचं. त्यात एक चेहरा आहे, अर्ध्या मीटरवरून, सरळ लेन्समध्ये बघणारा, भुवयांतला केस न् केस मोजता येईल असा. शिडीवर उभा, तोंडात दोन स्क्रू. स्क्रू बाजूला सारून तो खाली ओरडतो, "दिसतंय का साहेब?"

आणि खालून माझा आवाज येतो, "एकदम क्लिअर!"