प्रश्न उद्भवत नाही

मित्रहो, आज सकाळी आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी संसदेतील प्रश्नोत्तराच्या तासाची ४० सेकंदांची चित्रफीत टाकली. तिच्यावर पिवळ्या ठळक अक्षरांत ‘खासदाराची बोलती बंद!’ असे लिहिले होते आणि मंत्रिमहोदयांच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढले होते. दुपारच्या जेवणापर्यंत तिच्याखाली ३१ अंगठे जमले. मंत्र्यांचे आणि त्यांच्या पक्षाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की खाली तेवढ्यावरूनच भांडण जुंपेल. आणि माझ्या नोकरीच्या काळात सरकारे कितीतरी वेळा बदलली, उत्तरांची भाषा मात्र बदलली नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

प्रश्न काय होता, हे त्या ३१ जणांपैकी कुणाला विचारले तर सांगता येईल का, याची मला शंका आहे. मी चित्रफीत तीनदा पाहिली, कारण पहिल्यांदा ‘टॉवेल’ हा शब्द कानावर पडला आणि हातातला चहाचा कप तसाच राहिला. खासदार विचारत होते की, परदेशाशी चाललेली व्यापाराची बोलणी कुठवर आली आहेत, आणि ती रखडल्यामुळे येथे किती यंत्रमाग कामगारांचे काम गेले. म्हणजे अर्धा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा आणि अर्धा घरचा. मंत्रिमहोदयांनी पहिल्या अर्ध्याला उत्तर म्हणून आधीच्या सरकारच्या काळाची आठवण करून दिली, दुसऱ्या अर्ध्याला कामगारांची आकडेवारी राज्यांकडे असते असे सांगितले, बाके वाजली आणि ४० सेकंद संपले. यात बोलती कुणाची बंद झाली असेल तर ती आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल-चादरी विणणाऱ्या माणसाची झाली.

या विषयावर मी एवढा का तापतो, हे तुमच्यापैकी काही जणांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी जिल्हा पातळीवरच्या एका कार्यालयात कारकून होतो. एका संध्याकाळी, साडेपाच वाजून गेल्यावर, आम्ही डबे पिशवीत भरत असताना फॅक्सचे यंत्र कुरकुरू लागले. ‘लोकसभा तारांकित, अतितात्काळ, उद्या सकाळी दहापर्यंत माहिती सादर करावी’ असा मजकूर होता. तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. ज्यांनी सरकारी कचेरीत काम केले आहे त्यांना ‘तारांकित आलाय’ या दोन शब्दांनी पोटात कसा गोळा येतो हे सांगायला नको. दिल्लीचे मंत्रालय मुंबईच्या मंत्रालयाला विचारते, मुंबई जिल्ह्याला विचारते, जिल्हा साहेबांना विचारतो आणि साहेब खाली पाहतात. खाली मी होतो.

आता थोडे नियमांचे बोलतो, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांना हा तास म्हणजे कुस्तीचा फड वाटतो. लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा तास प्रश्नांचा असतो. खासदाराला किमान १५ दिवस आधी प्रश्न द्यावा लागतो, त्यावर चिठ्ठ्या पडतात, आणि दिवसाला तोंडी उत्तरासाठी २० तारांकित आणि लेखी उत्तरासाठी २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकित प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर छापलेली असते. त्या वीसांपैकी कित्येकांची पाळीच येत नाही, पण ज्याची येते त्याला उत्तरावर तिथल्या तिथे पूरक प्रश्न विचारता येतो, आणि सगळी मेख त्या पूरक प्रश्नात असते. कारण मूळ प्रश्नाचे लेखी उत्तर सचिव लिहून देतात, पूरक प्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःच्या पायावर उभे राहून बोलावे लागते. संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे असे म्हटले आहे; ती जबाबदारी डोळ्यांना दिसण्याची जागा म्हणजे हा एक तास. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनाच्या कारणाने तोही वगळला गेला आणि फक्त लेखी उत्तरे उरली. साथ होती, हे मान्य. पण त्या वेळी आमच्या गटावर कुणी हळहळल्याचे मला आठवत नाही.

त्या संध्याकाळच्या फॅक्समध्ये काय होते ते सांगायचे राहिले. निर्यातीची मागणी घटल्यामुळे सोलापुरातील यंत्रमाग बंद पडले आहेत, हे खरे आहे काय, असल्यास किती, किती कामगार बेरोजगार झाले, शासनाने कोणती उपाययोजना केली. मी तेव्हा तरुण आणि मूर्ख होतो. फाइलमधला जुना आकडा न लिहिता मी आणि आमचा शिपाई सायकलींवरून अशोक चौकाच्या पुढच्या गल्ल्यांत गेलो. तुम्ही सोलापूरचे असाल तर जाणता की पूर्व भागात माग चालू आहेत की नाहीत हे पाहावे लागत नाही, ऐकू येते. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होती की एका घरातला रेडिओ पार टोकापर्यंत ऐकू येत होता. आम्ही पाच कारखान्यांत गेलो. ६२ माग मोजले. ३७ थांबलेले होते. काहींवर अर्धा विणलेला टॉवेल तसाच ताणलेला होता आणि त्यावर धूळ बसली होती. चौथ्या कारखान्याच्या दारात एक बाई कांड्या भरत, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळत, बसली होती. तिने विचारले, “काय लिहून घ्यालाव ओ साहेब?” मी म्हणालो, “अक्का, दिल्लीला सांगायचे आहे. लोकसभेत विचारलेय, किती माग बंद पडले म्हणून.” तिला ते खरे वाटले नाही. मग तिने घरातल्या दोघांची नावे सांगितली आणि कुणी किती महिने बसून आहे ते तेलुगू-मराठी मिसळून, बोटांवर मोजत सांगितले.

परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीत सूटबूट घालून हस्तांदोलन करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या गल्लीत जावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा तो आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता. पण त्याचा अर्थ टॉवेल विणणाऱ्या गावाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सोलापूरला परदेश नवा नाही. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. १९३० साली या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा लंडनच्या संसदेत सोलापूरविषयी प्रश्न विचारले गेले आणि भारतमंत्री वेजवुड बेन यांना उत्तरे द्यावी लागली. परकीय सरकारचा मंत्री, सात समुद्रांपलीकडे, ज्या लोकांनी त्याला निवडून दिले नव्हते त्यांच्याविषयी उत्तर देत होता! ती उत्तरे प्रामाणिक होती असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांची माहितीही येथल्याच एखाद्या कचेरीतून, माझ्यासारख्याच एखाद्या कारकुनाच्या हातून तारेने गेली असणार, आणि त्याच्याही साहेबांनी ती आधी वाचली असणार.

आमच्या साहेबांनी वाचली. सकाळी साडेनऊ वाजता मी मसुदा पुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “या ३७ मागांची बंद झाल्याची नोंद आहे का?” नोंद कुठून असणार? कारखानदाराने माग थांबवले होते. बंद केल्याचे कुणाला कळवले नव्हते, कारण उद्या ऑर्डर आली की पुन्हा चालवायचे होते. साहेबांनी लाल शाईने माझ्या आकड्यांवर रेघ ओढली आणि शांतपणे सांगितले, “लिहा. एक : हे खरे नाही. दोन ते चार : प्रश्न उद्भवत नाही. सोबतचे प्रपत्र निरंक.” निरंक म्हणजे त्यात भरण्यासारखे काही नाही. ते वाईट माणूस नव्हते, हे नाइलाजाने कबूल करतो, त्यांना स्वतःची नोकरी होती आणि नियमाच्या भाषेत त्यांचे म्हणणे बरोबरही होते. स्वच्छ प्रत मी केली. माझे अक्षर चांगले होते, म्हणून अशा प्रती नेहमी माझ्याकडे येत.

तर गटावरच्या सन्मित्रांनो, तुम्हीही याच प्रती केल्या आहेत! ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य तुम्ही झोपेतही लिहू शकाल. त्या वाक्यालाही आश्वासन मानतात, ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि अशी आश्वासने पाळली गेली की नाही हे पाहायला लोकसभेची एक समिती १९५३ पासून बसलेली आहे. असे वाक्य आणि त्याच्यामागे धावणारी समिती, दोन्ही इतकी वर्षे सुखाने नांदत आहेत. हे सगळे माहीत असलेल्या माणसांनी मंत्र्याच्या कोटीला टाळ्या द्याव्यात, याचा मला संताप येतो. रस्त्यावरच्या पोराने दिल्या असत्या तर मी काही बोललो नसतो.

मंत्र्याने कोपरखळी मारूच नये असे मी म्हणत नाही. सभागृह म्हणजे काही स्मशान नव्हे. नाथ पै बोलायला उभे राहिले की विरुद्ध बाजूही ऐकत असे, आणि मधू लिमये नियमांचे पुस्तक हातात घेऊन उभे राहिले की मंत्री सावरून बसत, असे आमच्या आधीची पिढी सांगत असे. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही खाती सांभाळली. म्हणजे घरच्या दंगलीपासून परदेशाशी झालेल्या करारापर्यंत सगळ्याची उत्तरे एकाच माणसाने त्या सभागृहात दिली. आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांनीही गृहमंत्री म्हणून दिली. कुणाची कशी होती यावर वाद घाला, माझी हरकत नाही. पण मग उत्तरावर घाला, आवाजावर नको.

आणि पूरक प्रश्नाने काय होते हे पाहायचे असेल तर १९५७ साल काढा. सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांचे समभाग सव्वा कोटी रुपयांच्या आसपास रक्कम देऊन घेतले होते. लोकसभेत प्रश्न आला, अर्थखात्याचे उत्तर मोघम आले, आणि फिरोज गांधी त्या मोघमपणाच्या मागे लागले. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली, ती लोकांसमोर उघड चालली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्या काळी व्हॉट्सॲप असते तर फिरोज गांधींच्या चेहऱ्याभोवतीही कुणीतरी लाल वर्तुळ काढून त्यांना घरभेदी ठरवले असते.

परराष्ट्र आणि संरक्षणाच्या काही गोष्टी उघड सांगता येत नाहीत, हे मला कळते. विरोधकही अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरून तो तास वाया घालवतात आणि मग उत्तर मिळाले नाही म्हणून बाहेर कॅमेऱ्यासमोर गळा काढतात, हेही खरे. पण किती माग थांबले, हे सांगितल्याने कोणत्या शत्रूच्या हाती काय लागते, हे मला एकदा कुणीतरी समजावून द्यावे.

हे लिहिताना राग ओसरला आहे. संध्याकाळ झाली आहे, खिडकीतून अजून गरम वारा येतो आहे, आणि मला सारखी ती कांड्या भरणारी अक्का दिसते आहे. त्या दिवसानंतर दोनेक आठवड्यांनी मी स्वतःच्या घरासाठी चादर घ्यायला त्याच गल्लीत गेलो होतो. तिने मला ओळखले. कांड्यांची पाटी सरकवून उंबऱ्यावर बसायला जागा केली, पाणी दिले आणि विचारले, “आलं का ओ साहेब, दिल्लीचं उत्तर?” मी “अजून नाही” म्हणालो. उत्तराची कार्यालयीन प्रत तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होती, माझ्याच सुबक अक्षरात. ती म्हणाली, “असू द्या, लई लांब आहे दिल्ली.” मी चादर घेतली. तिने घासाघीस न करताच दहा रुपये कमी केले.

त्या चित्रफितीतल्या प्रश्नाचे पूर्ण लेखी उत्तर संसदेच्या संकेतस्थळावरून काढून द्यायला मी मुलीला सांगितले आहे. मिळाले की इथेच प्रतिक्रियांत टाकतो. ३१ अंगठेवाल्यांनी तेही वाचावे आणि त्यात कामगारांचा आकडा सापडला तर मला कळवावे. अक्काच्या घरातल्या त्या दोघांपैकी कुणी फेसबुकवर असेल तर त्यालाही ते दाखवायला मला आवडले असते. पण त्यांची नावे मी तेव्हा लिहून घेतली नव्हती. प्रपत्रात नावाचा रकानाच नव्हता.